खिडकीकडचे बाक

प्रिय बाळ,

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, मी शिक्षकांच्या खोलीत एकटाच बसलो, कानांवर हेडफोन चढवले, आवाज पार टोकाला नेला आणि स्वतःचाच तास बघितला. इतकी वर्षं शिकवतोय, पण शिकवताना मी कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं. आधी लक्ष गेलं ते पोटाकडे. तुझी आई म्हणते ते खरं आहे.

यंदा आमच्याकडे नवी पद्धत आली. फळ्याजवळच्या कपाटावर टॅबलेट उभा करायचा, तास चित्रित करायचा आणि पाठवून द्यायचा. लांबच्या शहरातल्या एक मार्गदर्शक बाई तो बघतात, जागोजागी शेरे लिहितात आणि मग पडद्यावर समोरासमोर बोलतात. ही तपासणी नाही, तुमच्याच मदतीसाठी आहे, असं आम्हाला दहादा सांगितलं. पण मी गावच्या शाळेत शिकलेला. साहेब येणार म्हटलं की गुरुजी आम्हाला आठवडाभर आधी नखं कापायला लावायचे, ती धास्ती अंगातून जात नाही. चित्रकलेच्या सरांनी तर पहिल्या दिवशी टॅबलेटला नमस्कारच केला.

बाई तुझ्याहून थोड्याशाच मोठ्या असतील, पण नजर बारीक. माझे अपूर्णांकांचे तास बघून म्हणाल्या, सर, समजावता छान, पण राग मानू नका, तुम्ही मुलींकडे का वळत नाही? आमच्या वर्गात मुली खिडकीकडे बसतात, मुलगे दाराकडे. खिडकीकडून हात वर होतात, उत्तरं येतात, आणि सर दाराकडेच बघत राहतात, असं त्यांना दिसलं होतं. एकदा स्वतः बघा, म्हणाल्या. खरं कारण मला ठाऊक होतं. तरी मी मान खाली घालून म्हणालो, चुकलं, सुधारतो.

बाळ, गेली काही वर्षं माझे कान मंद होत चाललेत. तुझ्या आईला माहीत होतं, पण कुणापाशी बोलू नकोस म्हणून मीच तिला बजावलं होतं. समोरच्याचे ओठ बघून मी निभावून नेत होतो. दाराकडच्या मुलांच्या तोंडावर उजेड पडतो, त्यामुळे त्यांचं कळायचं. खिडकीकडच्यांचा उजेड पाठीमागे, चेहरे अंधारात. माझ्यापुरती वर्गाची ती बाजू मुकी झाली होती. हे कळलं तर वर्ग काढून घेतील, सामानाच्या खोलीत खडू मोजायला बसवतील, ही भीती. शिकवण्यावाचून मला येतं काय? म्हणून पक्षपाती ठरणं पत्करलं. पण रोज देवापुढे डोळे मिटले की त्या मुलीच दिसायच्या, आणि हात जोडलेले असूनही मन लागायचं नाही.

त्या सोमवारी हेडफोनमध्ये मला त्यांचा आवाज आला. पुढच्या बाकावरच्या मुलीला वर्गात मुंगी म्हणतात. तिनं बरोबर उत्तर दिलं. मी फळ्याकडे वळलो. तिनं पुन्हा दिलं. मग ती मधल्या वाटेपलीकडे वाकली आणि दाराकडच्या ढोलला म्हणाली, तू सांग रे, सरांना तुझं कळतं. ढोल हे नाव आवाजावरूनच पडलंय. तो उठला, नीट माझ्याकडे तोंड करून, ओठ रुंद करकरून त्यानं तिचं उत्तर सांगितलं, आणि मी त्याची पाठ थोपटली. पुढच्या गणितालाही तेच. सगळ्या वर्गाला माहीत होतं. कुणी हसत नव्हतं, कुणी चहाडी केली नव्हती. आपापसात सोय लावून मुलं मला सांभाळून घेत होती. आणि शाबासकी मात्र भलत्याच पाठीवर पडत होती.

मी हेडफोन काढले आणि तसाच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलो. सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जादा तासाचं नाव काढलं की तुम्हाला ऐकू येत नाही, मला वाटायचं हुशारी आहे. मग म्हणाल्या, मी चष्मा लावते म्हणून मला कुणी घरी बसवलं का? कान तपासून घ्या, वर्ग कुठं पळून जात नाही. मार्गदर्शक बाईंनाही पडद्यावर हेच सांगितलं. मी भलतंच समजले हो सर, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला दिसलं तेच तुम्ही सांगितलंत, नाहीतर मी कधीच बोललो नसतो. बाक अर्धगोल मांडायची युक्ती त्यांचीच.

आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी खुर्च्या सरकल्या तरी दचकत होतो. मुंगीला उभं केलं. तिनं उत्तर दिलं आणि मी ते ऐकलं. तिचा आवाज जरा घोगरा आहे, हे इतक्या दिवसांत मला माहीतच नव्हतं. घरी तुझ्या आईला म्हटलं, आता हळू बोललीस तरी चालेल. ती म्हणाली, सवय मोडायला मला वेळ लागेल, तोवर ऐकून घ्या.

हे सगळं तुला लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. तू कामावर जाता जाता फोन करतेस आणि मी दोन शब्द बोलून तो आईच्या हातात देतो. तू तिला विचारलंस, मी माझ्या मनानं लग्न केलं म्हणून बाबा अजून रागावलेत का? तिनं मला ते सांगितलं, तरी मी तुला तसंच समजू दिलं. राग कधीच नव्हता गं. फोनला ओठ नसतात. तू काय बोलतेस ते मला कळायचं नाही, आणि नुसतं हो हो म्हणताना जीव धास्तावायचा, न जाणो, पोर काही दुःखाचं सांगत असली तर? कित्येक दिवस मनात होतं ते काल केलं. घरातला फोन आईच्या खोलीतून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. यापुढे तो मीच उचलणार.

तुझाच,
बाबा