हलगीवाल्याच्या लेकाचा चेलो

अमेरिका, १२ डिसेंबर १९७४

आदरणीय बाबा,
पिंगळीतल्या आपल्या सगळ्यांना मनापासून जयभीम.

तब्येत चांगली हाय. थंडी लय हाय, पण सोसते. शेतकीच्या परीक्षेत पहिला आलो, हे आधी सांगतो. पुढचं वाचून तुमी रागवाल म्हणून.

मी इथं तीन वर्षांपासनं विद्यापीठातल्या एका बाईंकडं खासगी शिकवणी लावून चेलो शिकायलोय. गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठ्ठं व्हायोलिनच ते. पहिल्याच दिवशी, तुमी हलगी जाळावर शेकायचे तसा मी तो हीटरजवळ तापवायला नेला. बाई धावतच आल्या, लाकूड तडकलं असतं म्हणाल्या!

काल भरल्या सभागृहात वाजवला. लोक टाळ्या थांबवीनात.

आईचा खोकला गेला का? खरं कळवा.

बाबा, धम्म घेतला त्या दिवशी तुमी हलगी फोडली आन् म्हणलते, "आता आपल्या घरात कुणी वाजवणार न्हाई." तुमचं बरोबरच होतं. मांडवाबाहेर उभं राहून तुमी वाजवायचे आन् लोक आत बसून जेवायचे.

काल मी बसून वाजवलं, बाबा. टाळ्या वाजवत उभे ते लोक होते.

तुमचाच,
सूर्यभान