दुखणं माझ्याकडे सोडा

४ ऑगस्ट
आवाज माझाच ठरला. कुकटपल्लीच्या प्रिया मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. ज्यांचे सांधे नको तितके वाकतात, कपडे घालतानाही निखळतात, त्यांनी घरबसल्या दुखणं कसं सांभाळावं यासाठी मोबाईलवर मराठी वर्ग काढताहेत. म्हणाल्या, "इथं मराठी बोलणारे ढीगभर, न अडखळता वाचणारं कोणी मिळेना." माझी शाळा नववीत सुटली, वाचन नाही सुटलं. रेकॉर्डिंगचं शेवटचं वाक्य मीच जुळवलं — "श्वास सोडा. दुखणं माझ्याकडे सोडा."
बहीण त्रिवेणी ऐकून म्हणाली, "भैया, तू तर बाबा झालास. आता अंगारा वाटायचा बाकी."

११ ऑगस्ट
वर्गातल्या भामाताईंचा फोन. उजवा खांदा सारखा निसटायचा, लेकराला घेता येत नव्हतं. "हौ भाऊ, आज उचललं की त्याला! तुमचा आवाज लावला न् खांदा गप बसला."
दिवसभर बरं वाटलं.

१२ ऑगस्ट
सुलतान बाजारला बसच्या दांडीला धरलं — उजवा खांदा जागचा सरकला. आत टक् असं झालं. आजवर कधी नाही.

१७ ऑगस्ट
अप्पाराव काकांनी वर्गात लिहिलं, डावा गुडघा आता दुखत नाही. वाचून मी उठायचंच टाळलं. दुपारी उठावं लागलं. जिन्यात माझा डावा गुडघा उलटा वळला. गुडघा वळत नाही त्या बाजूला.

१८ ऑगस्ट
डॉक्टरांनी सगळे सांधे हलवून पाहिले. "तुझे तर चांगले घट्ट आहेत. काळजी फार करतोस." ते खरंच आहे.

२३ ऑगस्ट
मॅडमना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. वाक्य काढा म्हटलं. "त्याच वाक्यानं लोकांना झोप लागतेय रे. दुसरं कोणी वाचणारं मिळालं तर तुझा आवाज काढते."
मग सहज म्हणाल्या — सोमवारपासून एक नवीन बाई येणार. त्यांची मान निसटते.

२४ ऑगस्ट
पाणी प्यायचं तरी डोकं मागे नेत नाही.

२५ ऑगस्ट
मॅडमचा निरोप — नवा आवाज मिळाला, तुझा आजच काढला. कोणाचा, ते मी विचारलं नाही. खांदा, गुडघा दोन्ही जागेवर. जेवण गेलं.

२७ ऑगस्ट
मॅडम कळवतात, नव्या बाई काल शांत झोपल्या. मान अजिबात दुखली नाही. मी माझी मान सावकाश दोन्हीकडे वळवून पाहिली. काही नाही. कुठंच काही नाही.

२८ ऑगस्ट
सकाळी त्रिवेणीनं फोन माझ्या कानाला लावला. आतून तिचाच आवाज — "दुखणं माझ्याकडे सोडा." म्हणाली, "भैयाला सांगू नक्को म्हटलं होतं मॅडमना. वाचायला तूच शिकवलंस ना?"
मग वेणी घालायला आतल्या खोलीत आरशापुढे गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. जाऊन पाहिलं, तर दोन्ही हातांनी डोकं मानेवर धरून उभी.