डावी बाही

ता. ६ जानेवारी

चि. ठकीस, दादाचे पुष्कळ आशीर्वाद.

ग्रंथालयाच्या शिडीवरून पडून पाय मोडून घेतलास, आता तरी वरच्या फळीचा मोह सोड. प्लास्टरमध्ये बसून थंडी वाजत असेल, म्हणून कोट शिवून पाठवतोय. माप विचारलं नाही. तुझं माप लहानपणापासून माझ्या डोळ्यांत आहे.

इथे दुकानात गंमतच चाललीय. काल एक गिऱ्हाईक भांडून गेलं, म्हणे डावी बाही आखूड झालीय. मी म्हटलं, तुमचा हातच लांब असेल. तुझी वहिनी काजं करता करता हसली, मग बाही मोजली आणि उसवायला घेतली. परवा दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला. चष्मा बदलायला झालाय, दुसरं काय! तिने हट्टाने घेऊन दिलेला फोन मात्र झकास आहे. उजवा खांदा उचलून कानाशी दाबून धरतो, म्हणजे हात कात्रीला मोकळे. ती म्हणते, मान वाकडी होईल. होऊ दे, सरळ माणसांचे कपडे शिवून कंटाळलो.

आठवण मनात ठेव आणि पाय उशीवर.

तुझा दादा

ता. १४ जानेवारी

ती. दादास, ठकीचा शि. सा. नमस्कार.

कोट मिळाला. ऊब छान आहे, पण दादा, उजवा खिसा देखणा आणि डावा खिसाच नाही. डावी बाही मनगटाच्या कितीतरी वर राहते. तुझं पत्र बघितलं, तर सगळा मजकूर कागदाच्या उजव्या अर्ध्यात आणि डावा अर्धा कोरा. फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिते. वहिनींनाही वाचायला दे.

हे चष्म्याचं काम नाही. बाबांच्या हाताखाली शिकलास तेव्हापासून तू कधी खिसा विसरला नाहीस. डोक्याच्या डॉक्टरकडे जा. मला भीती वाटते आहे. माझी टिंगल पुढे जन्मभर कर, आधी जाऊन ये.

मायेत अंतर नको.

तुझी ठकी

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ठकीवन्संना, वहिनीचे आशीर्वाद.

तुमची शंका खरी ठरली. ह्यांच्या मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली, कर्करोगाची. डॉक्टरांनी जमेल तेवढी काढली. सगळी काढता येत नाही म्हणाले. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते, म्हणून ह्यांना डावीकडचं जगच उरलेलं नाही. डोळे ठीक आहेत, लक्षच तिकडे जात नाही. ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहतं आणि मला विचारतात, आज एवढंच का वाढलंस? दवाखान्यात मी डाव्या अंगाला बसून होते आणि हे नर्सला विचारत होते, माझी बायको कुठे गेली. आता उजवीकडे बसते.

वन्सं, गाठ नेमकी त्या कानाच्या वर आहे, जिथे फोन असायचा. तो मीच घेऊन दिला होता. आता बंद करून कपाटात कुलपात ठेवलाय. शेजारणीलाही तिचा फोन आत आणू देत नाही. हे रोज म्हणतात, ठकीचा आवाज ऐकव. मी नाही म्हणते. तुम्ही पत्रं लिहा, मी वाचून दाखवीन. माझ्यावर राग धरू नका, मी स्वतःवर पुरेसा धरलाय.

तुमची वहिनी

ता. २० फेब्रुवारी

ती. वहिनींना, सा. नमस्कार.

हाड नीट जुळलं नाही, पाय पुन्हा प्लास्टरमध्ये घातलाय. येता येत नाही म्हणून जीव नुसता तळमळतो.

आमच्या ग्रंथालयात एक वयस्कर डॉक्टरीणबाई येतात. मेंदूचेच रोगी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. मला बघायला घरी आल्या, तेव्हा तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, रागावू नका. त्या म्हणाल्या, बहुतेकांना अशी गाठ का झाली हे कुणालाच सांगता येत नाही. लहानपणी उपचारासाठी डोक्याला किरण दिले असतील तर धोका वाढतो, मोजक्या घराण्यांत दोष जन्मानेच येतो, वयानेही थोडाफार वाढतो. फोनचा अभ्यास वर्षानुवर्षं झाला, पण त्याने गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. मी खोदून विचारलं, अगदी नक्की का? तर म्हणाल्या, अगदी नक्की असं आम्ही फारसं म्हणत नाही, पण एवढ्या पुराव्यावर कुणी बायकोला फासावर चढवत नाही. मग हळूच माझ्यापुरतंही विचारलं, मला होईल का? नुसतं बहीण म्हणून घाबरू नकोस, म्हणाल्या. विचारताना माझी मलाच लाज वाटली.

वहिनी, कुलूप काढा. मला दादाचा आवाज ऐकू द्या, त्याला माझा. फोन उशाशी घेऊन बसले आहे.

तुमची ठकी

ता. २८ मार्च

प्रिय ठकीवन्सं,

आशीर्वाद लिहायलाही हात उचलत नाही. हे गेले तेव्हा तुम्ही फोनवर होतात, पण इकडचं तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र वाचून डोक्याला पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. रोज किल्ली घ्यायची आणि परत ठेवायची. त्या दिवशी सकाळपासून ह्यांचं बोलणं थांबलंच होतं, नुसतं ठकी, ठकी. शेवटी फोन काढला. तरी मेली भीती जाईना, म्हणून आधी डाव्या कानाला लावला, ती बाजू चांगली म्हणून. तुम्ही हाका मारत होतात, मला ऐकू येत होत्या, ह्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. डावीकडून कुणी बोलवतंय हे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आणि मी मात्र इतके दिवस त्यांचा उजवा कान जपत बसले होते.

पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले. टाक्यांचे वण होते तिथेच, उजव्या कानाला, फोन लावला. तुम्ही शिडीवरून पडल्याचं सांगत होतात, डावा खिसा आता तरी लावून दे म्हणत होतात. तुमच्या आवाजासरशी ह्यांनी खांदा उचलला, वन्सं, दुकानात उचलायचे तसा, हात कात्रीला मोकळे ठेवायला.

मी माझा हात काढून घेतला, तरी फोन पडला नाही.

कोट पाठवा, खिसा मी लावून देईन. बाही तशीच राहू द्या.

तुमचीच,
वहिनी