अण्णांचा अंगठा

बुधवार, घाटनांदूर. संध्याकाळ.

टाळ्या चालू असतानाच उठून आले. चपला फाटकाबाहेर आल्यावर घातल्या.

मशरूमच्या शिबिरात प्रकाश बोलत होता. कॉलेजपासूनचा मित्र. बुरशीच्या धाग्याला शास्त्रात हायफा म्हणतात. मूळ ग्रीक, अर्थ विणलेलं जाळं. मराठीत त्याला 'वीण' म्हणावं, हे त्याच्या पुस्तकासाठी मीच सुचवलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, बाज विणताना पाहिलं होतं म्हणून सुचलं. दोरी ओढून त्यांच्या अंगठ्याला पडलेला घट्टासुद्धा त्याला सांगितला होता.

आज तो म्हणाला, "माझे वडील बाजा विणायचे. अंगठ्याला हा एवढा घट्टा!"

पुढे बसलेला म्हातारा म्हणाला, "लई गुणी मानूस म्हनायचा की तुमचा बाप."

"व्हय मामा." माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. बाजेवर ते फक्त झोपत.

शब्द स्वतःचा म्हणून सांगितला असता तर चाललं असतं. तो द्यायलाच सुचवला होता. पण अंगठा? तो मी कधी दिला?

गुरुवार. सकाळी प्रकाशचा फोन बराच वेळ वाजला. मी अण्णांची बाज अंगणात काढून सैल दोऱ्या आवळत होते. अंगठा सोलवटला.