कावळ्यांचा बंदोबस्त

१० मे १९३६, सकाळी
आजपासून इलेक्शनच्या कामाला जोरात सुरुवात. म्युनिसिपालटीत पंचवटीचा खरा मेंबर म्हणून लोक माझ्याकडेच पाहतात. तसं कुणी बोलून दाखवलेलं नाही. पण पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला चेहरे वाचता येतात. रोज दहा घरी जायचं. निश्चय पक्का.
दारातल्या कडुनिंबावर कावळ्यांनी घरटं केलंय. फाटकाशी घाण होते. उद्या काढून टाकणं.

११ मे
बांबूनं घरटं ढोसलं. पडलं नाही. नर-मादी दोघं अंगावर आली. मी शिस्तीत माघार घेतली. एक वहाण फाटकाशी राहिली. शेजारचा रहेमान पत्रेवाला म्हणाला, मास्तर, अंदर बच्चे हैं, चार दिवस राहू द्या. त्याला म्हटलं, सरकारी नोकरी केलेला माणूस पाखरांना भीत नसतो. वहाण त्यानंच आणून दिली.

१३ मे
विलक्षण प्रकार. गल्लीतून अख्खी पंचवटी जाते-येते, पण कावळे येतात ते फक्त माझ्या अंगावर. आमच्याकडे राहणारी साळूआत्या म्हणते, ते तोंड लक्षात ठेवतात. म्हणजे या वॉर्डात मला आधी ओळखलं ते कावळ्यांनी!
एकाही घरी जाणं झालं नाही. ऊनही होतं.

१५ मे
रहेमानकडून टोपीच्या आतून पत्रा ठोकून घेतला. कल्पना माझी. कावळ्यानं टोच मारली की टण्ण वाजतं, इजा शून्य. ऐटीत निघालो. कोपऱ्यावर गोटीरामशेठचं दुकान. डाळीचे व्यापारी आणि माझे प्रतिस्पर्धी. ओट्यावरून ओरडले, "मास्तर, देवळात निघालात? घंटा आधीच वाजायला लागली!" सगळे हसले. हलक्या प्रतीचा विनोद. शिवाय पत्रा तापतो. घरी परतलो.

१६ मे, दुपारी
घात झाला. अंगणात टोपी काढून घाम पुसत होतो, तोच कावळा डोक्यावर बसला. टोच नाही मारली, चक्क बसला. साळूआत्यानं हे पाहिलं आणि गळा काढला. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचं बोलावणं म्हणे. उपाय एकच. मी गेल्याची खोटी बातमी नातलगांना कळवायची. ऐकून कुणीतरी रडलं की अरिष्ट टळतं.
मी सुधारक मताचा. असलं काही मानीत नाही. परंतु बायकांचं मन मोडवेना. येवल्याला धाकट्या भावाला, गोरक्षला, कार्ड टाकलं. मजकूर मी सांगितला, आमच्या हिनं लिहिला. 'कर्तबगार' हा शब्द हिनं गाळला. म्हणाली, जागा पुरत नाही. मी पाहिलं, जागा होती.

१९ मे
गोरक्ष आला. मला ओसरीवर पाहून म्हणाला, "अरे, आहेस होय!" आणि पाय धुवायला गेला. जेवताना आत्यानं विचारलं, कार्ड वाचून रडलास ना? तर म्हणे, मोटार चुकली असती, वेळच मिळाला नाही. मग मोटारीत? मोटारीत डोळा लागला. आत्याचा घास हातातच राहिला. अरिष्ट कायम! गोरक्षनं भात पुन्हा घेतला आणि माझ्या खिशातल्या घड्याळाचं पुढं काय ठरलं होतं ते विचारलं.
भावना आतल्या आत ठेवणारा माणूस आहे.

२० मे, संध्याकाळी
मोटारस्टँडवर उतरल्याबरोबर गोरक्षनं 'भाऊ गेला' म्हणून चार जणांना सांगितलं होतं. खुलासा करायला मी बाहेर पडू शकत नाही, कावळे. परिणामी गोटीरामशेठनी आज आपली प्रचाराची सभा रद्द करून त्याच चौकात माझी शोकसभा घेतली. मी माडीच्या खिडकीआड उभा.
शेठ म्हणाले, त्यांचा थोरला भाऊ सुरगाण्याच्या जंगलात लाकडाच्या कामावर वारला, तेव्हा मास्तरांनी तार शिपायाकडे दिली नाही. स्वतः घेऊन आले, आईला वाचून दाखवली आणि दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिले. बोलताना शेठना रडू आवरेना.
मला यातलं काही आठवत नाही.
आत्यानं मागून हात जोडले. कुणीतरी रडलं! मी भावनेच्या भरात खिडकी उघडली. खालची गर्दी दोन पावलं मागं सरकली. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. शेठनी डोळे पुसत वर पाहिलं. "बरं झालं, मास्तर. आता उद्यापासून भांडू."
या वाक्यात कपट आहे. कुठं आहे ते शोधतो आहे.

२३ मे
सोमवारी मतदान. कावळ्यांमुळे नाकेबंदी चालूच. मतदारांनी इकडे यावं अशी पॉलिसी ठेवली आहे. कुणी आलं नाही. तेही कावळ्यांना भीत असणार.

२५ मे
मतदान. छत्री, पत्र्याची टोपी, सगळी तयारी. उंबऱ्यापर्यंत गेलो. झाड अगदी शांत. ही शांतताच संशयास्पद वाटली. शत्रू दबा धरून बसला असताना पुढं जाणं शहाणपणाचं नव्हे.
नंतर मतदानाची वेळ संपली.

२६ मे
गोटीरामशेठ निवडून आले. रहेमाननं सांगितलं. मला किती मतं पडली, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.
ही तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, कावळे आडवे आले नसते तर आज पंचवटीचं चित्र वेगळं असतं.
ती म्हणाली, "कावळे? शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी पिल्लं उडाली. ती जोडी तेव्हापासून घाटाकडेच असते."
"मग मला सांगितलं का नाहीस?"
सुपातून मान वर न काढता म्हणाली, "बाहेर न जायला तुम्हाला काहीतरी हवं होतं. म्हटलं, असू दे."
फाटकापर्यंत जाऊन आलो. उघड्या डोक्यानं. झाडावर खरोखरच कुणी नव्हतं.