शाईची रेघ

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार

आज नोकरीवर रुजू झाले. मन प्रसन्न आहे. ह्यांची हवाई दलातली नोकरी म्हणजे दर तीन वर्षांनी संसाराची बोचकी बांधायची, पण चंदीगडनं आल्या आल्या जिंकलं. रस्ते फुटपट्टीनं आखल्यासारखे. झाडं ओळीनं. पत्ता विचारला की लोक नाव सांगत नाहीत, सेक्टरचा आकडा सांगतात. चौकाचौकात वाळूची पोती रचून पोलीस उभे असतात, स्कूटरची डिकी उघडून बघतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, दोन दिवसांत सवय होते. झालीसुद्धा.

आमचं केंद्र एका धर्मादाय ट्रस्टचं आहे. मणक्याला मार बसून कमरेखाली लुळे पडलेले रुग्ण इथे येतात. बैठी इमारत, एक मोठा हॉल, आठ खाटा, आणि दक्षिणेला व्हरांडा. थंडीचं कोवळं ऊन थेट तिथे उतरतं. डॉक्टर नरेंद्र सूद मोठे सज्जन. ते म्हणाले, इथे औषधं पुरेशी आहेत, शिकवलेले हात नाहीत. मी पुण्याला पुनर्वसनाचं शिक्षण घेतलेलं, म्हणून माझ्याकडे शिकवण्याचंच काम: आयांना, वॉर्डबॉयना, रुग्णांच्या घरच्यांना आणि रुग्णांनाही.

मिरजेला आईला पत्र टाकलं. लिहिलं, गाजरं इथली लालभडक आहेत.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला वर्ग झाला. माझं हिंदी ऐकून आया पदराआड हसत होत्या. सुरजीत कौर त्यांच्यात जुनी. खरडहून बसनं येते, आवाज खणखणीत, हात दणकट. तिलाच खाटेवर झोपवलं आणि कूस बदलायची कशी ते दाखवलं. ज्याला पायांची संवेदना नाही त्याला एकाच जागी दाब पडतोय हे कळत नाही, कातडी आतून सडते. म्हणून दर दोन तासांनी वळवायचं. पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा मोकळ्या. आठ माणसं, दर दोन तासांनी. संध्याकाळी माझीच कंबर धरली.

दुसरं काम म्हणजे टाचणीची तपासणी. पायाकडून वर टाचणी टोचत यायचं, जिथे टोचलेलं कळायला लागतं तिथे बॉलपेननं अंगावर रेघ ओढायची. रेघेखाली माणूस स्वतःला परका. गुरमेल सिंगची रेघ बेंबीवर आहे. हा रोपडकडचा ट्रकवाला, ट्रकवर गोळीबार झाला त्यात मणक्यात गोळी बसली. दिगंबरची रेघ बेंबीच्या जरा खाली. दिगंबर आपला इचलकरंजीचा, इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात फिटर होता, शेडच्या पत्र्यावरून पडला. माझं मराठी ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यातल्या तेजिंदरची आई खाट सोडतच नाही. मुलाला ती स्वतःच वळवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. अशी माणसं असली की शिकवणं सोपं.

३० नोव्हेंबर, बुधवार

हे परवा लेहला गेले, फेब्रुवारीपर्यंत. घर मोठं वाटतं.

खरडच्या पलीकडे अतिरेक्यांनी बस अडवून माणसं मारली. तेव्हापासून अंधार पडला की त्या बाजूच्या बस बंद. सुरजीत दुपारीच निघते. दोन वॉर्डबॉयनी नोकरी सोडली. आठ खाटांना मी आणि एक आया. मी केंद्रातच राहते आहे, ड्यूटी रूममध्ये कोच आहे. शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचते तोवर पहिल्याची वेळ झालेली असते. हातपाय आपले राहिलेले नाहीत. आज भाजी चिरताना चाकू हातात घेऊन उभीच होते, कशासाठी ते आठवेना.

३ डिसेंबर, शनिवार

चमत्कारिक झालं. दुपारी जेवायला म्हणून कोचावर टेकले आणि डोळा लागला. उठले तेव्हा वेळ केव्हाच टळून गेली होती. हॉलमध्ये धावले तर सगळे वळवलेले. उजव्या कुशीवर, उशा जागच्या जागी, टाचा मोकळ्या. मला हायसं वाटलं. आयेला शाबासकी द्यायला गेले तर ती व्हरांड्यात स्वेटर विणत होती. तिला वाटलं होतं मीच वळवलं.

दिगंबर म्हणाला, "ताई, तुमचा हात लई हलका हाय बघा. खांद्याखाली आला तेवढाच कळला. गार हुता."

मी म्हटलं, थंडी आहे.

७ डिसेंबर, बुधवार

पुन्हा झालं. काल दोनदा, आज तीनदा. भर दिवसा. आपण पाठ फिरवावी, चहा गाळावा, दाराशी कुणाशी बोलावं, की तेवढ्यात. सगळ्यांना विचारून झालं. काल सुरजीतला सांगितलं तेव्हा तिनं वाहेगुरूंचं नाव घेतलं. मग हळूच म्हणाली, "सिस्टर जी, काम हो रहा है ना? होने दो."

तिचेही पाय सुजलेत. मला तिचं म्हणणं पटलं, हे लिहायला लाज वाटते. आज शहर बंद होतं, तेजिंदरची आई सोडली तर हाताशी कुणीच नाही. चार वाजता मी उठायला हवं होतं. उठले नाही. कोचावर बसून ऐकत राहिले. चादरीची सळसळ झाली. मग पुढच्या खाटेवर. मग त्याच्या पुढच्या. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, माझ्या वर्गात इतकं चांगलं कुणीच करत नाही. तेजिंदरची आई खाली मान घालून जपजीचा पाठ म्हणत होती, तिनंही वर पाहिलं नाही. मी चहा प्याले. नंतर झोपले. कित्येक दिवसांनी.

१२ डिसेंबर, सोमवार

टाचणी घेऊन बसले. गुरमेलच्या बेंबीवरच्या रेघेपाशी टोचलं, त्याला कळलं नाही. वर सरकले. नाही. बरगड्यांपाशी त्याचा चेहरा हलला. मी तिथे नवी रेघ ओढली. जुनी आणि नवी यांच्यात माझी चार बोटं मावली.

दिगंबरचीही वर गेली. सगळ्यांची गेली आहे. डॉक्टर सूदनी एक्स-रे काढले. सूज नाही, ताप नाही, मणके होते तसेच. म्हणाले, जुनी रेघ चुकीची असेल, तुम्ही थकला आहात.

एकाची रेघ जागेवर आहे. तेजिंदरची. त्याला फक्त त्याच्या आईनं वळवलं आहे.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उन्हात उभी राहिले. जे वळवत होतं, ते फुकट करत नव्हतं. प्रत्येक वेळी थोडं घेऊन जात होतं, आणि मी चहा पीत होते.

१४ डिसेंबर, बुधवार

आता कुणालाही एकटं सोडायचं नाही. आळीपाळीनं हॉलमध्ये बसायचं, आम्हीच वळवायचं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला झोपेची गोळी दिली. गटारात टाकली.

दुपारी दिगंबरच्या खाटेशी उभी होते. त्याच्या खांद्याखालची चादर दबली, हात सरकवल्यासारखी. गुडघा आपोआप मुडपला. तो माझ्या डोळ्यांदेखत वळायला लागला, सावकाश. मी पलीकडून त्याचा खांदा धरला आणि मागे ओढला. तिकडून झटका आला नाही. ते थांबलं. जड गादी दोघींनी उचलताना दुसरी थांबते ना, आपला जोर लागेपर्यंत, तसं. जे वळवत होतं त्याला वाटलं, मी मदतीला आले.

दिगंबर रडत म्हणाला, "ताई, सोडू नका."

सोडलं नाही. कधी गेलं ते कळलं नाही.

१७ डिसेंबर, शनिवार

गुरमेल गेला. पहाटे श्वास अपुरा पडायला लागला. रेघ गळ्याच्या हाडाशी पोहोचली होती. मोठ्या इस्पितळात नेताना वाटेतच. धुक्यात गाडी चालत नव्हती. परवा तो मला म्हणाला होता, बहनजी, दिवसेंदिवस हलकं वाटतंय, आता ओझं असं काही राहिलंच नाही.

आता मात्र डॉक्टर सूदनीच वॉर्ड बंद करायचं ठरवलं. ज्याचे नातेवाईक येतील त्याला घरी, उरलेल्यांना दुसरीकडे. दिगंबरच्या भावाला, विनायकला, तार केली. इचलकरंजीहून गाडीनं यायचं म्हणजे चार दिवस तरी.

लेहला फोन लागत नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

तेजिंदरला त्याच्या आईनं नेलं. जाताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, तूही जा बेटा.

कशी जाऊ. दिगंबर आहे. तीनच खाटा उरल्या. दिवसा सुरजीत, बाकी सगळा वेळ मी.

२० डिसेंबर

झोप लागली. खुर्चीत बसले होते, दिगंबरचा हात धरून. तो हाका मारत होता म्हणे.

जाग आली तेव्हा कोचावर होते. डाव्या कुशीवर. पाठीशी उशी. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा मोकळ्या.

महिन्याभरात अशी झोप लागली नव्हती. कंबर अजिबात दुखत नव्हती.

चप्पल घातली, तर घातलेली कळेना.

२१ डिसेंबर

स्वतःला टाचणी लावली. रेघ ओढली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत.

सुरजीतनं रेघ बघितली आणि ओढणी तोंडात धरून रडली. घरी चल म्हणाली, खरडला, आत्ता. मी म्हटलं, दिगंबर गेला की. त्याची रेघ छातीवर आहे, दोन दिवस हललेली नाही. मी त्याला माझ्या हातांनी वळवते म्हणून. भाऊ येईपर्यंत नेट धरायचा.

दिगंबरला स्टेशनवर पोचवलं की तिनं रुग्णवाहिकेतून परत येऊन मला न्यायचं ठरवलं आहे.

२२ डिसेंबर

रेघ मांडीवर. काल संध्याकाळी डोळे मिटले असतील. किती वेळ, माहीत नाही. भिंतीला धरून चालते. पाय टाकते तिथे बघून टाकावा लागतो.

डिंक लावल्यासारखे डोळे चिकटतात. दिगंबर मोठमोठ्यानं बोलत राहतो. इचलकरंजीचे माग, गावची जत्रा, लहानपणीची म्हैस. मला जागं ठेवायला. त्यालाच धाप लागते.

२४ डिसेंबर, सकाळ

विनायक आला. सुरजीत त्याला स्टेशनवरून रुग्णवाहिकेतून घेऊन आली. भला माणूस, डोक्याला मफलर, भावाला बघून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला वळवायचं कसं ते शिकवलं. खुर्चीत बसून, तोंडानंच. उशी इथे, उशी तिथे. दुसऱ्या कुणाला करू देऊ नका. कुणी आपणहून करत असेल तरी.

"बरं ताई," म्हणाला.

दिगंबरची रेघ जागेवर आहे. तीनदा तपासली.

जाताना त्यानं मान वर करून पाहिलं. "तुमीबी चला, ताई." गाडीत आणखी दोन रुग्ण, जागा नव्हती. स्टेशनवर सोडून सुरजीत तासाभरात मला न्यायला येते. डॉक्टर तिच्याबरोबर.

हॉल रिकामा. ऊन आत आलंय.

रेघ बरगड्यांखाली —

नंतर

गाडी अजून नाही. धुकं असेल. चौकात तपासणी असेल.

खुर्चीतून घसरत होते, म्हणून कोचावर आले. हातांवर ओढत. कुशीवर नाही झोपायचं. उताणीच राहायचं, डोळे उघडे, वही छातीवर धरून लिहीत राहायचं. समोर खिडकी. खिडकीत निलगिरीचं झाड. लिहीत आहे तोवर जागी आहे. जागी आहे तोवर —

दिगंबर आता स्टेशनवर असेल. भावानं चहा पाजला असेल.

करंगळीला टेकलेलं पेन कळत नाही

गाडीचा आवाज आला. आलाच. सुरजीत हाक मारते आहे, फाटकाशी, सिस्टर जी, सिस्टर जी. ओ द्यायला हवी

झाड. झाड दिसतंय. मी उताणी आहे, खिडकी समोर

कुणी हात लावला नाही. मला काहीही कळलं नाही. पण समोर खिडकी होती, आणि आता भिंत