शून्य मिलिमीटर

१२ जानेवारी २०२५, सकाळी ६
आजपासून रोज लवकर उठणे. चहा बंद. गावाबाहेरची दगडखाण राख टाकून बुजवली आहे. ती जमीन खचते का, हे मी उपग्रहाच्या रडारने मोजणार. परळी परिसरात भूगोलाचा दुसरा कोणता प्राध्यापक हे करतोय? पुण्याला पेपर वाचणार. मग पीएच.डी.

सकाळी ९
चहा घेतला. रिकाम्या पोटी पित्त होतं.

१६ जानेवारी
खाणीवर पत्र्याचा तीन पायांचा रिफ्लेक्टर बसवला. रडारची लहर त्यावर आपटून परत जाते. उपग्रह दर बारा दिवसांनी येतो, मिलिमीटरचाही फरक पकडतो.
शेजारी सारजाबाईचा शेळ्यांचा गोठा. म्हणाली, मोजायचं काय त्यात सर, माज्या गोठ्याचं दार लागंना झालंय, जमीन बसाय लागली. म्हणालो, मावशी, दार म्हणजे डेटा नव्हे. पटलं तिला. हसली तरी.
पत्र्यावर लक्ष ठेव म्हटलं. वाकडा होता कामा नये.

३० जानेवारी
फरक शून्य. सॉफ्टवेअरचं मॅन्युअल १४० पानी. सहा वाचली. बाकीचं अनुभवाने येतं.

२३ फेब्रुवारी
पुन्हा शून्य! इतकी स्थिर जमीन मी पाहिलेली नाही. सरपंच अमरसिंह घरी आले. तिथे अंगणवाडी बांधायचीय, जमीन पक्की असल्याचं पत्र हवं. दिलं. उज्ज्वला म्हणाली, आधी सारजाबाईला विचारा की. बायकोला रडार समजावणे अवघड.

४ मार्च
सारजाबाईने शेळ्या माळावर हलवल्या. अडाणी भीती. परवा भूमिपूजन. भाषण तयार, अकरा पानी.

६ मार्च
तिसऱ्या पानावर होतो. गोठ्याची भिंत आवाज करत खाली बसली. पुरुषभर खड्डा. कोणाला लागलं नाही, कारण गोठ्यात कोणी नव्हतं.
सारजाबाईला विचारलं, मग माझा रिफ्लेक्टर कसा खचला नाही? म्हणाली, खचत व्हता की. तुमीच म्हणलतात, वाकडा व्हऊ देऊ नको. खाली गेला की मी पायाखाली चपटा दगुड सारायची. कावून, चुकलं का?
मोजले. एकेका पायाखाली सात दगड.
सरपंचांना म्हणालो, ते पत्र प्राथमिक स्वरूपाचं होतं.  

१० मार्च
तहसीलची माणसं आली. पंचनामा. सारजाबाईने एकेक भेग दाखवली. काळी शेळी व्याली तवा ही पडली, तरणी पाट शेळी हरवली तवा ती. त्यांनी सगळं लिहून घेतलं. अंगणवाडी आता शाळेमागे होणार.
मी रडारबद्दल बोलायला लागलो. साहेबांनी मोजायच्या टेपचं टोक हातात दिलं, धरा म्हणाले. धरलं.
सारजाबाई ओरडली, सर, मागं व्हा, पायाखाली चीर हाय.
झालो.